बोटीचं तोंड

गेल्या महिन्यात एका जुन्या बोटीवर दुरुस्तीचं काम निघालं. खाडीच्या तळाची मोजणी करणारी बोट. केबिनच्या छपराखालची पेटी मी उघडली, तर आत दोन काळ्या केबल शेजारी शेजारी बांधलेल्या आणि दोन्हींवर पिवळट पडलेल्या चिकटपट्ट्या. एकीवर बॉलपेननं लिहिलं होतं ‘तोंड’, दुसरीवर ‘शेपूट’. अक्षर गोल, ठसठशीत, शाळेतल्या फळ्यावर असावं तसं. बोटीवरचा नवा खलाशी वाकून बघत होता. तो म्हणाला, “साहेब, हे काय लिहिलंय? माशाची पेटी हाय का?”

मी हसलो आणि चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. रोकडेबाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

रोकडेबाई म्हणजे सुमन रोकडे. राहायला अंबरनाथ पूर्वेला, कामाला उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, गोपसेठच्या गाळ्यात. मोडीत निघालेल्या जहाजांवरचे रेडिओ आणि होकायंत्रं आणायची, ती दुरुस्त करून मच्छीमारांना विकायची, हा गोपसेठचा मूळ धंदा. समुद्र तिथून कितीतरी लांब. पण कॅम्प चारमध्ये काय दुरुस्त होत नाही? एका बाजूला शिलाई मशीनवाला, दुसऱ्या बाजूला फरसाणाचा कारखाना, आणि मधे आमचा गाळा. पुढे नवीन यंत्रं आली तशी गोपसेठनं ती बोटींवर बसवून द्यायलाही सुरुवात केली. मी बदलापूरच्या कात्रपहून तिथे नोकरीला लागलो, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा खिशात होता आणि आपल्याला बरंच कळतं असा समज होता.

पहिल्या दिवशी गोपसेठनं मला आतल्या टेबलाशी नेलं. तिथे पन्नाशीला टेकलेली, जाड काचांचा चष्मा लावलेली एक बाई रेडिओच्या तारांना डाक देत, म्हणजे सोल्डरिंग करत, बसली होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला, केसांना प्लास्टिकचा मोठा चाप.

“अदी, ये नया इंजिनिअर,” गोपसेठ म्हणाला. सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात. गाळ्यात बाकी सगळ्यांना तो नावानं हाक मारी, फक्त बाईंना अदी.

बाईंनी डाकेची कांडी बाजूला ठेवली. “नाव?”

“पाटील.”

“बोटीवर कधी गेलायस?”

“नाही मॅडम.”

“मॅडम नको. हे बघ, उभा राहा तिकडे. मी कुठे चाललेय ते सांग.”

आणि त्या उठल्या, खोक्यांच्या दोन रांगांमधून खेकड्यासारख्या आडव्या चालायला लागल्या. तोंड माझ्याकडे, चाल दरवाजाकडे. चेहरा अगदी गंभीर. मला हसावं की नाही कळेना.

“दरवाजाकडे,” मी म्हणालो.

“तोंड कुठे आहे?”

“माझ्याकडे.”

“बस. बोट अशीच चालते. पाणी ढकलतं, वारा ढकलतो. साधा जीपीएस सांगतो की बोट दरवाजाकडे चाललीय. तिचं तोंड कुठे आहे ते त्याला कळत नाही. उभी राहिली तर त्याला काहीच कळत नाही. जुनं होकायंत्र सांगतं, पण शेजारी लोखंड आलं की बिचारं भांबावतं. म्हणून आपण छपरावर दोन अँटेना लावतो. एक मागे, एक पुढे. दोन्ही आकाशातल्या उपग्रहांचं ऐकतात, आणि यंत्र हिशोब करतं की पहिलीपासून दुसरी कुठल्या दिशेला आहे. तेच बोटीचं तोंड. कळलं?”

कॉलेजात हेच मला कुणीतरी पाऊण तास शिकवलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं.

बाईंचं शिक्षण दहावी. अंबरनाथच्या एका कारखान्यात विजेचे मीटर जोडायच्या बाकावर त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. तो बंद पडला आणि बाकावरच्या बायका पांगल्या. कुणी शिलाई धरली, कुणी पोळीभाजी केंद्र काढलं. रोकडेबाई डाक द्यायची कांडी पिशवीत घालून कॅम्प चारमध्ये फिरल्या आणि प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात विचारत गेल्या, “बारीक काम आहे का?” गोपसेठनं त्यांच्यासमोर एक कुजलेला रेडिओ ठेवला. दुपारपर्यंत तो बोलायला लागला.

त्यांचे वडील गवंडी होते. त्यांच्याकडून बाईंकडे एक ओळंबा आला होता, पितळेचा, टोकाला जरा चेपलेला. तो, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, खडू आणि चिकटपट्टी, एवढं सामान डब्याच्या पिशवीत कायम असे. बोटीवर चढायच्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट. बोटीवर गेल्या की आधी पाच मिनिटं काही करायच्या नाहीत. छपरावर उभं राहून वर बघायचं. डोलकाठी कुठे आहे, रडार कुठे फिरतं, रेडिओची काठी कुठे येते, सगळं न्याहाळायचं. मी घाईघाईनं ड्रिल काढलं की म्हणायच्या, “आधी आकाशाला विचार. त्याला वरून अँटेना दिसली पाहिजे. दिसली नाही तर तू कितीही नट आवळ.”

मग दोरा. बोटीच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, मधोमध एक खूण, मागच्या फळीच्या मधोमध दुसरी. दोन्हींमध्ये दोरा ताणायचा, ओळंब्यानं ती रेघ छपरावर चढवायची आणि खडूनं ओढायची. त्या रेघेवर अँटेनांचा दांडा. दोन्ही अँटेना एका उंचीवर, दोन्ही केबल सारख्या लांबीच्या. केबल ओढायच्या आधी चिकटपट्ट्या लागत. कुणीतरी एकदा दोन केबल उलटसुलट जोडल्या होत्या आणि यंत्र बोट उलटी चाललीय असं सांगत बसलं होतं. तेव्हापासून बाईंनी इंग्रजी खुणा बंद केल्या. “घाईत इंग्रजी वाचता येत नाही,” त्या म्हणत. “तोंड आणि शेपूट सगळ्यांना कळतं.”

आणि ही बाई, जी शेकडो बोटींना त्यांचं तोंड कुठे आहे ते सांगत असे, स्वतः कॅम्प चारच्या गल्ल्यांमध्ये रोज चुकत असे. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. स्टेशनवरून गाळ्यापर्यंतचा एक रस्ता त्यांना पाठ होता. तो खणलेला असला की संपलं. एकदा मला फोन आला, “पाटील, मी एका कपड्याच्या दुकानासमोर आहे.” उल्हासनगरात हा पत्ता झाला? मी शोधत गेलो तर त्या गाळ्याच्या मागच्याच गल्लीत उभ्या होत्या. मी चिडवलं तर म्हणाल्या, “बोटीला दोन अँटेना असतात. मला डोकं एकच दिलंय.”

नवीन यंत्र आलं की ते आधी घरी नेऊन तपासायची त्यांची पद्धत होती. गाळ्यावर पत्रे, वर तारांचं जाळं. तिथून आकाश दिसत नसे. त्यांच्या इमारतीची गच्ची मात्र मोकळी. तिथे त्या लोखंडी स्टँडवर दांडा उभा करत आणि दिवसभर दर तासाला आकडा लिहून ठेवत. दांडा हलला नाही तर आकडाही हलता कामा नये.

एकदा उन्हाळ्यात एक यंत्र रोज अकरा वाजता बिघडायला लागलं. सकाळी आकडा जागच्या जागी. अकरा वाजले की तो नाचायला लागायचा, आणि चार वाजता पुन्हा शहाणा. बाईंनी केबल बदलल्या, डबा उघडला, परत लावला. मी म्हणालो, यंत्र कंपनीला परत पाठवू. त्या म्हणाल्या, “अकरा वाजता काय होतं ते आधी बघू.” रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि आम्ही दोघं गच्चीच्या दारात स्टूल टाकून बसलो.

अकराच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेकाकू वर आल्या. त्यांच्यामागे त्यांच्या सूनबाई. दोघींच्या हातात स्टीलच्या मोठमोठ्या पराती, परातींमध्ये कुरडया. दांड्याच्या अगदी भोवती, जिथे ऊन कडक पडतं तिथे, त्यांनी सात-आठ पराती मांडल्या. इकडे पडद्यावरचा आकडा उड्या मारायला लागला.

बाई पोट धरून हसल्या. परातींवरून उपग्रहांचे संदेश उलटून अँटेनावर येत होते; आरशांच्या खोलीत माणूस गोंधळतो तसं ते यंत्र गोंधळलं होतं.

शिंदेकाकूंचा मात्र वेगळाच राग होता. “सुमनताई, तुमच्या त्या टॉवरनं माझ्या कुरडया काळ्या पडताहेत. मी सेक्रेटरींना सांगणार आहे. त्यातून काय काय निघतं कुणाला माहीत!”

“काकू, त्यातून काहीच निघत नाही. ते फक्त ऐकतं.”

“कुणाचं?”

“वरच्यांचं.”

काकूंनी वर पाहिलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्या जरा नरमल्या. शेवटी तह झाला. कुरडया पराती सोडून जुन्या धोतराच्या कापडावर घालायच्या, आणि बाईंनी दिवसभर कावळे हाकायचे. त्या उन्हाळ्यातल्या रोकडेबाईंच्या वहीत दर तासाच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात ‘कावळे दोन’, ‘कावळे नाहीत’ अशाही नोंदी आहेत.

बोटींवरचे लोक सुरुवातीला त्यांना बघून बिचकत. एकदा आम्ही एका मच्छीमार बंदरावर गेलो. बोट मोठी, नवीकोरी. तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, धक्क्यावरच आडवा आला. साठीचा गृहस्थ, आवाज मऊ, पण हलायला तयार नाही.

“बाय, राग नको मानू. आमचे बोटीवर बायमानूस चढत नाय. नालेवर आमची देवी हाय.”

मी काहीतरी कायद्याचं बोलायला लागलो, तर बाईंनी मला हातानंच थांबवलं. त्यांना आयुष्यात बरंच ‘इथे नको, तिथे नको’ ऐकायला मिळालं होतं. बाई म्हणून आणि बाकीही कारणांनी. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत, पण अशा वेळी त्यांचा आवाज एकदम शांत होई.

“दादा, पूजा नाळेवर करता ना?”

“हां.”

“माझं काम केबिनच्या छपरावर. तुमची देवी पुढे, माझ्या अँटेना वर. त्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. मी मागच्या बाजूनं चढते आणि मागच्या बाजूनं उतरते. नाळेवरची खूण हा पाटील करेल. चालेल?”

तांडेल विचारात पडला. “आनि मी नाय बोललो तर?”

“तर मी इथे धक्क्यावर बसते आणि ओरडून ओरडून याला सांगते. पण हा नवीन आहे. मग तुमची बोट कुठे जाईल त्याची मी जबाबदारी घेणार नाही.”

तो खो खो हसला आणि त्यानं मागची शिडी लावली. संध्याकाळी काम संपलं तेव्हा त्यानं त्यांना ताजे बोंबील दिले, केळीच्या पानात गुंडाळून. परत येताना बाई म्हणाल्या, “तो ऐकणारा निघाला म्हणून जमलं. नसता ऐकला तर मी खरंच धक्क्यावर बसले असते. आणि घरी जाऊन रडले असते, ते वेगळं.”

आता जे सांगायचंय ते पुलाचं.

खाडीवर एक जुना पूल होता. त्याच्या खांबांच्या बुडाशी माती किती वाहून गेलीय ते मोजायचं काम एका मोजणी कंपनीला मिळालं होतं. त्यांच्या बोटीला पाण्याखाली दोन्ही बाजूंना आवाज सोडून तळाचं चित्र काढणारं यंत्र होतं. ते चित्र बरोबर यायला बोटीचं तोंड नेमकं कळायला हवं. ते काम आमच्याकडे आलं.

त्या बोटीच्या छपरावर मधोमध एक आडवी पट्टी होती, त्यामुळे दांडा अगदी सरळ बसेना. थोडा डावीकडे वळला, दोन अंशांहून जरा जास्त. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तेवढा फरक यंत्रात आकड्यानं भरायचा असतो, अधिक किंवा उणे. भरून झाला की बाई एक परीक्षा घेत. बोट धक्क्याला चिकटवून बांधायची. धक्क्याची दिशा आधीच मोजलेली असते. यंत्र तीच दिशा दाखवतं का बघायचं. दाखवली तर पास.

त्या दिवशी ओहोटी लागत होती. मोजणी कंपनीचा माणूस दर दोन मिनिटांनी घड्याळ दाखवत होता. पाणी उतरलं असतं तर बोट गाळात बसली असती आणि त्यांचा दिवस वाया गेला असता. “मॅडम, झालं ना? आकडा दाखवतंय ना?” घाई करणाऱ्यांत मीही होतो. मी म्हणालो, “बाई, आपण कधी चुकलोय? सोडा.” बाई क्षणभर थांबल्या आणि त्यांनी दोर सोडायला सांगितलं. परीक्षा राहिली.

बाईंना एक सवय होती. बसवलेल्या प्रत्येक बोटीचं चित्र त्या घरी वहीत काढत, वरून दिसतं तसं, पेन्सिलनं, पट्टी लावून. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी त्या हे चित्र काढायला बसल्या. दांडा डावीकडे वळलेला काढला, शेजारी आकडा लिहायला गेल्या आणि थांबल्या. दांडा डावीकडे, यंत्रात भरलेलं चिन्ह उजवीकडचं. फरक पुसला जाण्याऐवजी दुप्पट झाला होता.

त्यांचा फोन आला तेव्हा मी मुलीला घेऊन भाजी आणायला निघालो होतो. “पाटील, मी चिन्ह उलटं टाकलंय,” एवढंच म्हणाल्या. आवाज ओळखू येईना.

सोमवारी त्यांनी गोपसेठला सांगितलं. गोपसेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाला, “अदी, चार-साडेचार डिग्री. किसको पता चलेगा? पुढच्या सर्व्हिसला जाशील तेव्हा चुपचाप बरोबर करून टाक.”

“सेठ, चाळीस मीटरवरचा खड्डा तीन मीटर सरकलेला दिसेल. खांबाच्या बुडाखालचा खड्डा खांबाच्या बाहेर दिसेल. ते म्हणतील, पूल ठीक आहे.”

“त्यांचे पण इंजिनिअर आहेत. बघतील ना ते.”

“त्यांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवलाय.”

“अदी, उस पूल पे से तेरा कौन जाता है?”

बाई म्हणाल्या, “कोण कोण जातं ते मला माहीत नाही. म्हणून तर.”

गोपसेठनं चहाचा कप बाजूला सारला. त्यानं कंपनीत जाऊन सांग म्हटलं नाही आणि जाऊ नको असंही म्हटलं नाही. आम्ही निघालो.

मोजणी कंपनीच्या प्रमुखाचं नाव आपण प्रधान म्हणू. काचेची केबिन, टेबलावर पुलाच्या नकाशांची भेंडोळी. अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता. बाईंनी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. “चिन्ह उलटं पडलं, परीक्षा घ्यायची राहिली, चूक माझी.” घाई कुणी केली, त्यांचा माणूस काय म्हणाला, मी काय म्हणालो, यातलं एक अक्षर नाही. मी शेजारी उभा होतो. मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. ते मला अजून बोचतं.

प्रधानांचा चेहरा लाल झाला. “तुम्ही इंजिनिअर आहात?”

“नाही.”

“शिक्षण?”

“दहावी.”

“मग या कामाला तुम्हाला हात लावू दिला कुणी?”

बाईंनी हातातली पेन्सिल वहीवर ठेवली. त्या म्हणाल्या, “ते तुम्ही सेठना विचारा. आधी तुमचं चित्र उघडा. खांब दुहेरी दिसतायत का बघा. जाताना एक आणि येताना एक.”

प्रधानांनी शेजारच्या मुलीला खूण केली. तिनं पडद्यावर चित्र उघडलं. प्रत्येक खांबाला खरंच एक सावलीसारखा जुळा होता. ती मुलगी हळूच म्हणाली, “सर, आम्हाला वाटलं होतं प्रवाहामुळे असेल.”

सुदैवानं बोटीवरची मूळ नोंद जशीच्या तशी होती. बरोबर आकडा घालून सगळं पुन्हा मांडता येणार होतं. तीन दिवसांचं काम, पण बोट पुन्हा न्यायला नको. बाईंनी बरोबर आकडा वहीच्या पानावर लिहिला, खाली सही केली आणि पान फाडून दिलं. त्या वहीचं पान फाडलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

नव्या चित्रात तिसऱ्या खांबाच्या बुडाखाली खड्डा निघाला. खांबाच्या आतपर्यंत गेलेला. आठवड्याभरात त्या पुलावरून अवजड गाड्या बंद झाल्या, पुढे खांबाभोवती काँक्रीट भरलं गेलं. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. तिच्यात आमचं कुणाचं नाव असायचं कारण नव्हतं.

आमच्या गाळ्यात मात्र वातावरण बिघडलं. त्या कंपनीची कामं बंद झाली. गोपसेठ बाईंना अदी म्हणायचा थांबला नाही, पण त्यानं त्यांना बोटीवर पाठवायचं बंद केलं. सहा महिने त्या टेबलाशी बसून रेडिओंना डाक देत राहिल्या. मी सकाळी दांडा, केबल, ड्रिल घेऊन निघायचो तेव्हा त्या मान वर करत नसत. फक्त एकदा, मी दारापर्यंत पोचल्यावर, मागून आवाज आला, “धक्क्याला बांधून बघायचं. कुणी कितीही घड्याळ दाखवलं तरी.”

मी त्यांना एकदा विचारलं, “बाई, पस्तावा होतो का?”

“चुकीचा होतो ना. रोज होतो. रात्री झोपताना ते चिन्ह दिसतं.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “सांगितल्याचा नाही होत. पण एक सांगू? बोटीवर वारा लागतो ना तोंडाला, त्याची फार आठवण येते.”

सहा महिन्यांनी प्रधानांचा फोन आला. नवीन बोट, मोठं काम. गोपसेठ उभा राहून बोलत होता. मधेच तो गप्प झाला, बाईंच्या टेबलाकडे बघायला लागला, आणि फोन ठेवून आमच्याकडे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सिंधी माणूस तसा मनमोकळा.

“अदी, प्रधान पूछता है, वो उलटा चिन्ह डालनेवाली बाई अभी है क्या? म्हणतो, तिलाच पाठवा. दुसरं कुणी आलं तर परत पाठवीन.”

बाईंनी डाकेची कांडी ठेवली. उठून मागच्या मोरीत गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, “माझे कॅनव्हासचे बूट उंदरांनी कुरतडलेत. आधी बूट घेऊन येते.” आणि बाजारात गेल्या. अर्थातच चुकल्या. मला आणायला जावं लागलं.

त्यानंतर त्यांनी आणखी काही वर्षं काम केलं आणि साठी उलटल्यावर स्वतःहून थांबल्या. गोपसेठनं गाळ्यात सगळ्यांना दालपकवान खाऊ घातलं. भाषण करायला उभा राहिला आणि “अदी” एवढंच म्हणून खाली बसला. मग बाईंचं आणि माझं भेटणं कमी होत गेलं. सणावाराला फोन, कधी ‘जय भीम, पाटील, कसा आहेस?’ एवढा निरोप. आजारपण आलं ते फार लवकर उरकलं. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

पण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्यांना एकदा पाहिलं. तेच शेवटचं.

माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला पोहायला शिकवायला मी तरणतलावावर न्यायला लागलो होतो. सकाळची वेळ बायका-मुलींची. बापांनी बाहेर, जाळीच्या पलीकडे थांबायचं. पहिल्याच दिवशी मी जाळीशी उभा होतो. उथळ बाजूला सात-आठ चिमुरड्या कडेचा दांडा धरून पाय मारत होत्या आणि त्यांच्या रांगेत, बरोबर मधे, गुडघ्यापर्यंतचा निळा पोशाख आणि डोक्याला गुलाबी रबरी टोपी घातलेली एक आजी. चष्मा नव्हता म्हणून मला ओळखायला वेळ लागला.

“रोकडेबाई!”

त्यांनी डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. “कोण, पाटील? इकडे काय करतोस?”

“मुलीला आणलंय. तुम्ही काय करताय?”

“दिसत नाही का? शिकतेय.”

“तुम्हाला पोहता येत नव्हतं?”

“नाही ना.”

चौदा वर्षं. इतक्या बोटी, इतक्या शिड्या, ओली छपरं, उधाणाची खाडी. त्या छपराच्या कडेला ओणव्या होऊन दोरा धरत तेव्हा मी खाली उभा राहून शिट्टी वाजवत असे.

“बाई, कधी बोलला नाहीत!”

“बोलले असते तर गोपसेठनं बोटीवर पाठवलं असतं?” त्या म्हणाल्या. मग जरा हळू, “भीती वाटायची रे. रोज वाटायची. आता जरा वेळ मिळालाय, तर म्हटलं बघू.”

शिकवणारी मुलगी विशी-बाविशीची होती. तिनं टाळी वाजवली. “आजी, गप्पा नंतर. हात सोडा.”

“सोडते गं. ओरडू नकोस.”

त्यांनी माझ्याकडे पाठ केली. एक मोठा श्वास घेतला, गाल फुगवले आणि दांडा सोडला. पाण्यात धपकन आवाज झाला. हात कुठेही, पाय कुठेही, गुलाबी टोपी एकदा आत, एकदा वर. चिमुरड्या बाजूला झाल्या. मग त्या तळावर पाय टेकून उभ्या राहिल्या, खोकल्या, नाकातोंडातलं पाणी पुसलं, आणि खाली वाकून तळाच्या फरश्यांकडे बघायला लागल्या. चष्म्याशिवाय त्यांना दिसेना. शेजारच्या परकरी वयाच्या मुलीला विचारलं, “किती फरश्या झाल्या गं?”

तिनं पाण्यात वाकून बोट फिरवत मोजल्या. “सात, आजी.”

“काल सहा होत्या,” रोकडेबाई म्हणाल्या, आणि दांड्याकडे परत न जाता तिथूनच पुन्हा गाल फुगवले.